पालथ्या होडीखाली

"एकटीला होडी मिळते का?" – विचारून झालं, आणि आता तिला फक्त टेबलावरचं ते रबरी बूच दिसत होतं, होडीच्या बुडाच्या भोकाचं, दोरीला बांधलेलं. विचारून दाखव, अशी पैज चष्मिस आणि लंबू या मैत्रिणींनी लावली होती, आणि दोघी मागे पायरीवर खिदळत होत्या. ही लाल होऊन पळत येणार, याची त्यांना खात्रीच. मागच्या वर्षीची ती पळालीही असती. मागच्या वर्षी बोलायला ताई होती... ताई बोलायची, सुकाणू धरायची. ती नुसती शिडाची दोरी ओढायची आणि घरी येऊन सांगायची – शर्यतीत आम्ही पहिल्या आलो.

होडीवाले काका रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणाले, "मिळते. आधी पालथी करून दाखवायची. मुद्दाम. मग एकटीने सरळ करायची."

मुद्दाम! हे मात्र मैत्रिणी बघतीलच, तिला वाटलं. पण ती धक्क्यापासून पन्नास हात गेली तेव्हा दोघी फाटकाकडे निघाल्या होत्या – पैज संपली होती, क्लासची वेळ झाली होती. हात मात्र दोघींनी भरभरून हलवला.

शिडाच्या बाजूला सगळं अंग टाकलं. आभाळ आडवं झालं, मग पाणी, नाकात, कानात – आणि एकदम शांतता. डोकं वर काढलं तर होडीच्या पोटाखाली हातभर हवा, हिरवट उजेड, आणि स्वतःचाच श्वास, कुणीतरी शेजारी असल्यासारखा. लगेच बाहेर यायचं असतं. मी नाही आले. "ताई," मी म्हटलं, मोठ्याने, आणि आवाज तिथल्या तिथेच राहिला. नऊ महिने झाले तिला नोकरीवर जाऊन. तुझी परीक्षा संपली की येते... मग पुढच्या महिन्यात... मग नुसतं 'बघू गं'. आणि आईबाबांची अट तीच – तळ्यावर जायचं तर ताईबरोबर. मीही ती अट किती जपली होती, जणू ती पाळली की ताईला यावंच लागेल.

ताई येणार नाहीये. म्हणजे येईल, दोन दिवस, पाहुण्यासारखी.

बाहेर येऊन ती बुडावर चढली, बुडातून वर आलेली मधली फळी धरून मागे लवली. दोघींचं वजन लागतं, ताई म्हणायची. होडी ढिम्म... आणि मग आळस देत उठावी तशी उठली. कुणी टाळी वाजवली नाही.

"बराच वेळ लावलास," धक्क्यावर काका म्हणाले, हातातली बचावाची दोरी गुंडाळत. "खाली काय करत होतीस?"

"बसले होते."

काका हसले नाहीत. घरून सही आण, म्हणाले, आणि फॉर्म दिला.

घरी आई फोनवर होती, ताईशीच. बाबा तिच्या ओल्या केसांकडे बघत राहिले. कुठे होतीस, हा प्रश्न त्यांच्या ओठांवर येईपर्यंत तिने फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. आईने फोन कानापासून दूर धरला, पण बंद केला नाही. ऐकू दे, तिला वाटलं.

"मी आता ताईसाठी थांबणार नाही. एकटीची होडी घेणार आहे."