पहाटेच्या ताऱ्या

कुणाला पटणार नाही, पण मढच्या इनासची वाचा परत आणली ती मी. डॉक्टरने नव्हे, या बस्त्यावने!

इनास म्हणजे आमच्या गावातला होड्यांच्या इंजिनांचा मिस्त्री. हात काळेकुट्ट, गळा मात्र खणखणीत. मे महिन्यात संध्याकाळी गावच्या क्रुसापुढे लितानी होते. एकाने मरियामातेचं एकेक नाव गायचं, बाकीच्यांनी 'आमच्यासाठी विनंती कर' म्हणायचं. मिसरूड फुटलं तेव्हापासून पुढे गाणारा हाच. 'पहाटेच्या ताऱ्या' आलं की सूर असा ताणायचा, की समुद्रात निघालेल्या होड्या वळून किनाऱ्याला लागायच्या.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, जीभ नाही. नुसतं 'अं, अं'. घरी जपमाळ घेऊन बसायचा, शब्द फुटला नाही की माळ भिरकावून द्यायचा.

"देवाने दार लावून घेतलं असं वाटतं रे त्याला," त्याची बायको रेजिन मला म्हणाली. "क्रुसाकडेही येत नाही आता."

"ओढून आण. या वेळी पुढे मी गातो."

"तू? वाट लागली!"

पण आणलं तिने. इनास खुर्चीत मान खाली घालून बसला. मी गात गेलो, आणि 'स्वर्गाच्या दारा' झाल्यावर मुद्दाम, हां, मुद्दाम पहाटेचा तारा गाळून पुढच्या नावावर उडी मारली.

इनासची मान वर. डोळे माझ्यावर रोखलेले. आणि त्या मुक्या तोंडातून, सुरात, अख्खं निघालं, "पहाटेच्या ताऱ्या!"

पाटीतली कोळंबी उठून उभी राहिली. पलीकडच्या बंगल्यात शूटिंगचा हिरो ग्लिसरीनशिवाय रडला. आम्ही मात्र उत्तर द्यायचं सोडून त्याच्याकडे बघत राहिलो. शेवटी रेजिनच म्हणाली, अगदी हळू, "आमच्यासाठी विनंती कर." त्यापुढची सगळी नावं इनासनेच गायली.

साधं बोलणं अजून जमत नाही. सुरात मात्र शब्द येतात. चहा मागतो तोही लितानीच्या चालीत.

काल त्याच्या ओट्यावर मी हे सगळं त्याला व्यायाम शिकवायला येणाऱ्या सौरभला सांगत होतो. शेजारी इनास चहा पीत होता, मांडीवर जपमाळ.

"खरंच मुद्दाम गाळलंत, काका?"

"मग! डोकं लागतं त्याला."

इनासने कप खाली ठेवला, डोळे मिटले आणि चालीत लांबवून गायलं, "विस-र-ला-स, बस्त्याव!"

आतून रेजिनने सवयीने उत्तर दिलं, "आमच्यासाठी विनंती कर."