खोक्याचा ठसा

मामाचं स्पीकरचं खोकं दिसायला अगदीच बावळट होतं. एका मोडक्या कपाटाच्या फळ्या कापून त्यानं ते स्वतः ठोकलं होतं. आत बारा इंची दोन स्पीकर. त्यातल्या उजव्याचा कागद फाटला होता, तो त्यानं टिश्यू पेपर आणि डिंक लावून सांधला होता. पण मामाची गिटार त्या खोक्यातून वाजली की किंचित घोगरा, नाकात बोलल्यासारखा आणि तरीही मायाळू असा आवाज यायचा. तीस वर्षं दर शनिवारी संध्याकाळी तो तीन मित्रांबरोबर एका हॉटेलात वाजवत होता. बाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळायचं, आज मामा आहे.

त्याची भाची एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंगचं काम करायची. नवी चाल बसवली की मामा ती आधी तिलाच ऐकवायचा. उंचीमुळे घरात सगळे तिला बुटकी म्हणत, आणि हळूहळू स्टुडिओतही तेच नाव पडलं. स्टुडिओच्या मालकाला एका बिस्किटाच्या जाहिरातीसाठी जुन्या धाटणीचा गिटारचा आवाज हवा होता. संगणकातले सगळे तयार आवाज त्यानं ऐकले आणि नाक मुरडलं. बुटकीच्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे आहे एक."

त्याच आठवड्यात मामा-मामी लेकीच्या बाळंतपणासाठी गेले होते. झाडांना पाणी घालायला घराची किल्ली बुटकीकडे होती. ती माइक आणि लॅपटॉप घेऊन गेली. खोक्यातून तिनं एक लांब शिट्टी सोडली, अगदी खालच्या सुरापासून कानाला बोचेल इतक्या वरच्या सुरापर्यंत चढत जाणारी. माइकनं ती टिपली आणि संगणकानं त्यातून खोक्याचा स्वभाव तेवढा वेगळा काढला. या बारक्याशा फाइलला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. स्टुडिओत नुसतं आयआर. आता कुणीही, कुठेही, गिटार थेट संगणकाला जोडली तरी ती मामाच्या खोक्यातून आल्यासारखी वाजणार होती. सगळं मिळून अर्धा तास लागला. झाडांना पाणी घालायचं मात्र त्या दिवशी राहूनच गेलं.

मामा आला की सांगू, असं तिनं ठरवलं होतं. मामा आला तो नातीचे फोटो घेऊन, हवेत तरंगत. त्यात हे कुठं काढायचं? पुढं मालकानं तिला न विचारताच ती फाइल स्टुडिओच्या साइटवर टाकली. महिन्याभरात शेकडो लोकांनी ती उतरवून घेतली. मग तर सांगणं आणखीच अवघड झालं.

एका रविवारी सगळे मामाकडे जेवत होते. मामाचा जुना दोस्त, बँडमधला ड्रमर, तोही होता. टीव्हीवर बिस्किटाची जाहिरात लागली आणि मामाचा हात ताटावरच थांबला.

"अगं, हे माझं खोकं आहे!"

"झालं!" मामी म्हणाली. "उद्या मिक्सरमधूनही तुम्हाला तुमचंच खोकं ऐकू येईल."

ड्रमरला ठसका लागेपर्यंत हसू आलं. सगळेच हसले. बुटकीही हसली, आणि भाजी वाढून घेण्याच्या निमित्तानं तिनं मान खाली घातली.

नंतर मामाला तो आवाज औषधाच्या दुकानात ऐकू आला, मग शेजारच्या मुलीच्या फोनवर. दर वेळी तो घरी येऊन सांगायचा आणि मामी पदराआड हसायची. शेवटी तो स्वतःच कानाच्या डॉक्टरकडे गेला. तपासणीत वरचे सूर कमी ऐकू येतात असं निघालं. "वयाच्या मानानं चांगलंच आहे," डॉक्टर म्हणाले. मामाच्या डोक्यात मात्र पक्कं बसलं: कान गेले, आता भलतंसलतं ऐकू येतंय. त्यानं ड्रमरला फोन केला. "दुसरा गिटारवाला बघा. भर कार्यक्रमात बेसूर झालो तर मला कळायचंही नाही." खोक्यावर त्यानं जुनी चादर टाकली.

हे बुटकीला आईकडून कळलं. ती तडक मालकाकडे गेली. "ती फाइल काढा."

"काढतो. पण ज्यांनी आधीच घेतलीय, त्यांच्याकडून कशी परत आणणार?"

पुढचे चार दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी ती लॅपटॉप घेऊन मामाकडे गेली, त्याच्या कानांवर हेडफोन चढवले आणि फाइल लावून गिटारचे दोन तुकडे ऐकवले. मग सगळं सांगून टाकलं. शिट्टी, जाहिरात, साइट, सगळं.

मामानं तुकडा पुन्हा लावायला सांगितला. डोळे मिटून ऐकला.

"खोकं माझंच. पण गुरगुर कुठाय?"

"कसली?"

"खालची तार जोरात छेडली की सांधलेला कागद गुरगुरतो. ती यात नाही."

"ती नाही टिपता येत, मामा. यात खोक्याचा नुसता ठसा येतो."

मामानं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "म्हणजे माझे कान ठीक होते."

"हो."

"आणि त्या रविवारी, जेवताना, तुला हे माहीत होतं."

"हो."

"तरी हसलीस."

बुटकीनं लॅपटॉप मिटला.

"खोक्याचं काय गं," मामा म्हणाला. "मागितलं असतंस तर मीच माइक धरून बसलो असतो. पण मला वाटलं, मी कामातून गेलो. आणि तू समोर बसून भाजी वाढून घेत होतीस."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मामीला हाक मार," तो म्हणाला. "आपल्या ड्रमरलाही फोन लाव. माझ्याकडून नको, तूच सांग."

तिनं सांगितलं. पहिल्यापासून, काही न गाळता. मामी ओट्याशी उभी राहून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं हात पुसले. मामाच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "मीही नको ते बोलले हो." फोनवर ड्रमरनं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं एवढंच म्हटलं, "शनिवारी सहाला ये, मामा."

शनिवारी मामानं वाजवलं. बुटकी अगदी मागच्या टेबलाशी बसली होती. मध्यंतरात तो पाणी प्यायला तिच्या बाजूला आला, तशी ती उठून उभी राहिली.

"माइक कुठं लावला होतास?"

"उजव्या स्पीकरच्या बरोबर मध्यावर."

"म्हणूनच तो आवाज कर्कश आलाय. जरा कडेला घ्यायचा."

ग्लास ठेवून तो परत वाजवायला गेला. माफ केलं की नाही, हे तिनं विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. त्यानंतर कितीतरी महिने तो तिच्याशी चांगलंच बोलायचा, पण नवी चाल बसवली की आधी मामीला ऐकवायचा.