चार वर्षांनी लहान

शिंपीणबाईंच्या नवऱ्याच्या मेंदूत गाठ निघाली, तीही मुलखाची दांडगी. ऑपरेशन झालं. नंतर डॉक्टरीणबाई चाचरत म्हणाल्या, "यात वयाला फार महत्त्व असतं, काकू. वय जितकं जास्त, तितकं पुढचं आयुष्य कमी धरावं लागतं. काका अडुसष्टचे. वर्ष निघालं तरी खूप."

"अडुसष्ट कुठले? चौसष्ट!" बाई ताडकन म्हणाल्या. "छापखान्यात यांना नोकरीला चिकटवायचं म्हणून मामंजींनी वय वाढवून सांगितलं होतं."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "मग अंदाज थोडा बदलेल. तब्येतही काटक आहे, किरणांचा शेक पूर्ण सहा आठवड्यांचा देऊन बघू. पण हे आकडे शेकडो माणसांचे असतात. यांचं नेमकं कुणीच सांगू शकत नाही."

"थोडं तरी वाढतं ना?"

"थोडं. काही महिने."

"चालतील," बाई म्हणाल्या. भाजीवालीशी आयुष्यभर घासाघीस केलेली ती बाई, इथे मिळेल ते पदरात घेऊन उठली.

घरी नवऱ्याने ऐकलं आणि तो अर्ध्याच ओठांनी हसला. "अगं, पण आता तू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, हे जगजाहीर झालं की! जन्मभर झाकलंस ना?"

"होऊ दे. तुम्ही लहानच बरे."

शेक मानवला. मधले काही महिने तो काठी टेकत दुकानात यायचा, बाईंच्या मशीनसमोर बसून गिऱ्हाइकांच्या मापांवर शेरे मारायचा. मग शब्द हरवू लागले. कात्रीला तो "ती चावरी" म्हणायचा. शेवटी नुसतं बघायचा, आणि बाई एकट्याच दोघांचं बोलायच्या.

वर्ष उलटून चार महिने झाले, आणि एका सकाळी तो गेला.

"सांगितल्यापेक्षा जास्तच मिळालं की, वहिनी," समजूत घालायला आलेली नणंद म्हणाली.

"मिळालं खरं," बाई म्हणाल्या. खोटं नव्हतंच ते. पण नणंद गेल्यावर अस्तर कापता कापता त्यांचा हात थांबला. आत्ता या घटकेला त्याने मागून यावं, काहीही बोलावं, चुकीचा शब्द घेऊन का होईना, नुसतं "अगं" म्हणावं, असं त्यांना इतकं वाटलं की त्या तशाच कान देऊन उभ्या राहिल्या. बाहेर रस्त्यावर कुणी तरी कुणाला तरी हाक मारत होतं.