ब्रदर थर्मनचे एकतीस घोडे

तुमचा विश्वास बसणार नाही, पण पट्ट्या विकत फिरणारे प्रवचनकार ब्रदर थर्मन यांनी ओहायोतल्या आमच्या जत्रेच्या मैदानावर, भर दुपारी, साऱ्या गावासमक्ष, एकोणसत्तर सालच्या गाडीच्या पोटात एकतीस घोडे घातले. तबेला नाही, चारा नाही, लीद नाही. फक्त बोटाएवढी तांब्याची पट्टी!

गाडी लॉइड स्टकीची. कंपनीतून आली तश्शीच, इंजिनाला कुणी हात न लावलेली. मागची चाकं डायनोच्या रोलरांवर, गाडी चारी बाजूंनी जखडलेली. जागच्या जागी पळवायची, म्हणजे इंजिनात किती घोड्यांचं बळ आहे ते पडद्यावर उमटतं. पहिल्या फेरीत उमटले दोनशे अठ्ठावीस.

मग ब्रदरनी पट्टी ठिणगी पाडणाऱ्या कॉईलला बांधली. गाडीशेजारी वायरला एक डबी लटकत होती, ती ओंजळीत धरली, ओठांशी नेली आणि डोळे मिटून पुटपुटू लागले. डबी कसली, कुणी विचारलं नाही. प्रार्थना करणाऱ्याच्या मुठीत काय आहे हे विचारायची आपल्याकडे रीत नाही.

"पळव, बंधू!"

लॉइडनं पाय दाबला. इंजिन डरकाळलं, मैदानातली कबुतरं उडाली. दोनशे एकोणसाठ!

टोप्या हवेत गेल्या. कुणाचा सफरचंदाचा गरम सायडर कुणाच्या कोटावर सांडला, त्यानंही तक्रार केली नाही.

"लोखंडाचा म्हातारा तरणा होतो, मग हाडामांसाचा का नाही?" ब्रदर गरजले. "ठिणगी इंजिनात तीच, काळजात तीच! डॉक्टर म्हणतो, छाती चिरा, यंत्र बसवा. मी म्हणतो, पट्टी बांधा!"

"आणि पट्टी काळी पडली तर?" मागून कुणीतरी.

"तर तुझी श्रद्धा काळी पडली, बंधू! घासून घे!"

सगळे हसले. अर्लीन हसली नाही. ही लॉइडची वहिनी, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. गाडी मुळात तिच्या नवऱ्याची, मर्लची. काळजाचे ठोके चुकायचे म्हणून त्यालाही डॉक्टरांनी छातीत यंत्र बसवायला सांगितलं होतं. गेल्या शरदात याच रोलरांवर याच गाडीचे घोडे वाढलेले पाहून त्यानं यंत्र टाळलं आणि छातीवर ब्रदरची पट्टी बांधली. अर्लीन भांडली, तर म्हणाला, "तू पोरांना शिकव, इंजिनाला नको." हिवाळा सरायच्या आत मर्ल गेला.

आता तेच दुखणं लॉइडला. सोमवारी यंत्र बसवायचं ठरलेलं, पण सकाळीच तो म्हणाला होता, "घोडे वाढले तर सोमवारचं रद्द, वहिनी."

"भाऊजी, मर्लनं पण बांधलेली ना पट्टी?"

"ब्रदर म्हणतात, शेवटी त्याची श्रद्धा पातळ झाली. काढून ठेवली असणार त्यानं."

"हॉस्पिटलात त्याच्या छातीवरून मी सोडवलीय ती."

लॉइडनं गाडीची किल्ली उचलली होती. ऐकलं नव्हतं.

म्हणून अर्लीन गाडीकडे न बघता पडदा बघत उभी होती. मर्लची गाडी पळताना बघवत नव्हतीच तिला. पडद्याच्या कोपऱ्यात हवेची उष्णता दिसत होती. मघाशी अठ्ठेचाळीस फॅरनहाइट, म्हणजे कोट घालायची थंडी. आता एकशे दहा.

"ब्रदर," ती मोठ्यानं म्हणाली, "हवेला ताप आलाय!"

"काय म्हणता, सिस्टर?"

"तुमचं यंत्र म्हणतंय एकशे दहा. आणि आम्ही सगळे कोटांत कुडकुडतोय. ती डबी हवा मोजते ना? मूठ उघडा बघू."

"ही श्रद्धेची ऊब आहे, सिस्टर!"

"मग ती आम्हालाही बघू द्या की!" एक शिकारी ओरडला. दोघांनी ब्रदरचा हात धरला, तशी एक कापडी पुडी खाली पडली. हरणाच्या शिकारीला जाताना लोक हातमोज्यात घालतात ना, तसली गरम पुडी.

"अरे, ही तर माझ्या खिशातही आहे!" शिकारी म्हणाला. "मी काय संत झालो?"

लॉइड गाडीतून उतरला. कुणाशी न बोलता त्यानं पट्टी सोडली आणि गवतात टाकली. अर्लीननं डबी आणि पुडी एका मुठीत धरली, वर तोंडाची वाफ सोडली. लॉइडनं पुन्हा गाडी पळवली. पट्टी नाही, प्रार्थना नाही. तरी दोनशे अठ्ठावन्न.

"उकाड्यात, दमट हवेत इंजिनाला श्वास कमी मिळतो," अर्लीन म्हणाली. "म्हणून यंत्र दया करून ग्रेसचे मार्क वाढवतं. डबी तापवली, वाफ दिली की यंत्र फसतं. इंजिन होतं तिथंच आहे. ठिणगी चांगली पडली तर अशी गाडी अडखळायची थांबते, झटकन सुरू होते. एवढंच. घोडे नाही वाढत."

ब्रदर सामान आवरू लागले. तरीही दोघातिघांनी जाता जाता पट्ट्या घेतल्याच. कोण जाणे, म्हणाले, असू द्यावी.

गर्दी पांगली. लॉइड इंजिन बंद करून गाडीतच बसून राहिला. अर्लीन खिडकीशी गेली.

"भाऊजी, मी सांगते म्हणूनही ऐकू नका. डॉक्टरला खोदून विचारा, दुसऱ्या डॉक्टरला विचारा. पण कुणी आकडा दाखवला, की मोजमाप कुणाच्या मुठीत आहे ते आधी बघा."

"सोमवारी हॉस्पिटलात सोडाल मला?"

"सोडेन."

त्यानं स्टिअरिंगवरून हात फिरवला.

"वहिनी, मर्लला शेवटी त्रास नाही ना झाला?"

"नाही हो. झोपेतच गेला. कळलंसुद्धा नाही त्याला."

"खोटं बोलताय, वहिनी," लॉइड म्हणाला. "झोपलेला माणूस भावाला फोन लावत नाही."