भैय्याजींचा हसरा फोटो

मुलं लांब गेली की आईबापांना नवनव्या विद्या येतात. बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या अंजनाबाईंना साठीनंतर फोटो हलके करायची विद्या आली, ती अशी.

नवरा गेल्यापासून त्या बंगलोरच्या मुलाला, पियुषला, रोज फोटो पाठवत. बाल्कनीतली जास्वंद, केलेली भाजी, भैय्याजींचे म्हणजे नवऱ्याचे जुने फोटो. एकदा तो वैतागून म्हणाला, "आई, तुये फोटो लय जड असतात वं. माया फोन हँग होऊन राहिला."

बाईंनी ते मनावर घेतलं. लेकरू उत्तर देत नाही ते फोटो जड आहेत म्हणून, दुसरं काय! शेजारच्या मेघानं एक ॲप टाकून दिलं. फोटो निवडायचा, 'लहान' दाबायचं, झालं. शेवटी ॲप विचारायचं, जुन्या फोटोच्या जागी हाच ठेवू का? बाई 'हो' दाबत. जिनं जन्मभर चिमूटभर कणीक वाया घालवली नाही, ती एकाच माणसाचे दोन-दोन फोटो कशाला ठेवेल? सगळी गॅलरी त्यांनी हलकी केली, जुने मेसेजही पुसले. तरी पियुषचं उत्तर म्हणजे एक अंगठा, तोही आला तर.

भैय्याजींना जाऊन वर्ष होत आलं. पुण्यानुमोदनाच्या विधीला बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांशेजारी ठेवायला मोठा फोटो हवा होता. बाईंना तो एकच हवा होता: तोंडात कोथिंबिरीची सांबारवडी आणि हसू आवरत नाही, असे भैय्याजी. बाकीच्या फोटोंत ते रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे दिसत. फोटोवाल्यानं तो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि मान हलवली. चेहऱ्याचे नुसते चौकोन झाले होते. हसू कुठलं नि वडी कुठली, कळेना.

"काकू, याचा मोठा फोटो नाही का कोणापाशी?"

बाईंनी आपली गॅलरी वरखाली चाळली. मग एकदम आठवलं, लहान करायच्या आधीच तो पियुषला पाठवला होता! त्यांनी दुकानातूनच फोन लावला.

"पियुष, तुया बाबाचा तो सांबारवडीवाला फोटो तुयापाशी मोठा असंन. पाठव मले."

"थांब, पाहतो."

बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला.

"सापडला, आई. पण... मी तवा उघडलाच नव्हता वं. नुसता धुरकट दिसते. आता दाबलं तर उघडून नाही राहिला, पुन्हा पाठवा म्हणते."

फोटो गेला, हे बाईंना कळलं. पण त्यामागून दुसरंच काही वर आलं, आणि ते जास्त दुखलं.

"आन बाकीचे? मी हलके करून पाठवत होती, ते?"

"पाहीन म्हणत होतो वं, राहूनच गेलं," पियुष म्हणाला. म्हणजे वर्षभर आपण भिंतीशीच बोलत होतो तर.

"बरं, ठेवतो मी," त्या म्हणाल्या. मग फोटोवाल्याकडे वळल्या.

"जेवढ्यात हसू दिसते ना बाबू, तेवढाच लहान काढ."