हॅल्वरसनच्या बदल्यात एमिल

हॅल्वरसनला आणायचाच, यावर ऐस्पन रिजमध्ये एकमत झालं होतं, आणि ऐस्पन रिजमध्ये एकमत होणं म्हणजे काय हे तिथं राहिलेल्यालाच कळेल. चर्चच्या छपराला कुठला रंग द्यायचा यावरून सख्खे भाऊ अजून एकमेकांशी बोलत नाहीत तिथले. पण रीड हॅल्वरसनचं नाव निघालं की पेट्रोल पंपावरच्या पोरीपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळे एका सुरात म्हणायचे, "आणा त्याला!"

"लाइल, तू झोपलायस का रे?" वॉल्टर ह्रिचक रोज सकाळी कॉफीच्या दुकानात गरजायचा. ऑटर्स हा आइस हॉकीचा संघ गावाच्या मालकीचा, आणि वॉल्टर त्याचा अध्यक्ष. "मधल्या जागेवर असला सेंटर पिढीत एखादा. बर्फावर उतरला की समोरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. आणि तू ढिम्म!"

"बदल्यात फोर्ट हेरिकवाले एमिलला मागतायत, वॉल्टर."

"मग दे की! पोरगा चांगला आहे, नाही कोण म्हणतंय? चांगली पोरं ढिगानं मिळतात."

लाइल कोस्टिक संघाचा मॅनेजर. संघ पार तळाला गेला तेव्हा यानंच नावाजलेले खेळाडू दुसऱ्यांना देऊन टाकले, कोवळी पोरं आणली आणि गावाच्या शिव्या खाल्ल्या. आता कुठं ती पोरं जिंकायला लागली होती. आणि खरं सांगायचं तर हॅल्वरसनवर गावापेक्षा लाइलच जास्त भाळला होता. फोर्ट हेरिकला दिवसभर गाडी हाकत जाऊन त्यानं त्याला डोळे भरून पाहिलं होतं. काय ते पोरगं! तीन जण अंगावर आलेले, आणि हा बाजारात भाजी निवडावी तसा सावकाश बघतोय, पक, ती रबराची चकती, कुणाकडे द्यावा. लाइल त्या थंडीत एकटाच उभा राहून टाळ्या वाजवत होता.

पण हॅल्वरसन विसाचा. या लीगमध्ये विशीपर्यंतच खेळता येतं, म्हणजे त्याचा हा शेवटचा हंगाम. उन्हाळा आला की तो गेलाच, मग संघात त्याच्या जागी भगदाड. एमिल फोंतेन अठराचा. उद्या दुपारी अदलाबदलीची मुदत संपत होती आणि लाइलचा काही निर्णय होत नव्हता.

मुदतीच्या आठवड्यात तो दरवर्षी एक पथ्य कसोशीनं पाळायचा. ही पोरं दूरदूरच्या गावांतून आलेली. हंगामभर ती ऐस्पन रिजमधल्या कुटुंबांत राहतात, त्यांच्याच ताटात जेवतात. एखाद्याला दुसऱ्या संघाला द्यायचं ठरलं, तर मॅनेजरनं त्या घरी जायचं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं आणि समोरासमोर सांगायचं. फोनवर नाही, रिंकवर तर नाहीच. त्यामुळे त्या आठवड्यात लाइलची गाडी एखाद्या खेळाडूच्या दारात थांबली की आख्ख्या गल्लीच्या काळजाचा ठोका चुकायचा. म्हणून तो लांबच्या रस्त्यानं घरी जायचा.

त्या संध्याकाळी मात्र थंडीला कंटाळून तो जवळच्या रस्त्यानं निघाला, तर डॉरीन पेनर रस्त्याच्या मधोमध उभी राहून दोन्ही हात हलवत होती.

"देवासारखा आलास बाबा! गाडीला इंजिन गरम ठेवायचा प्लग लावायला विसरले आणि बॅटरी ठार मेलीय. माझी ड्युटी आहे, पेशंट वाट बघतायत."

नाकातला श्वास गोठत होता असली थंडी. अशा थंडीत बाईमाणसाला रस्त्यावर सोडून कोण जाईल? लाइलनं तारा काढल्या, स्वतःच्या गाडीला जोडल्या आणि तिची गाडी खोकत खोकत सुरू करून दिली. बोटं पार लाकूड झाली होती.

"आत जा, हात शेक," डॉरीन काच वर करता करता ओरडली. "कॉफी आहे, ओव्हनमध्ये दालचिनीचे बन आहेत. लाजू नकोस!" आणि गेली सुद्धा.

तर हा बाबा गेला आत. कप भरला, बन घेतला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ऐसपैस बसला. डॉरीनकडे कोण राहतं, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. माणूस गारठला की अक्कल आधी गारठते.

जिन्यावर जड पावलं वाजली तेव्हा त्याला आठवलं.

एमिल दारात उभा होता. अंगात कोट, पाठीला सॅक, खांद्यावर हॉकीची भली मोठी बॅग, हातात काठ्या. डोळे लाल, पण आवाज एकदम सरळ.

"खिडकीतून गाडी दिसली. म्हटलं, तुम्हाला ताटकळत ठेवू नये. हॅल्वरसन ना?"

लाइलच्या तोंडात बन. त्यानं नुसताच हात हलवला.

"नाही, बोलू नका, तुम्हालाही अवघड असतं. तुमच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं. त्याच्यासारखा दुसरा नाही. मागच्या महिन्यात त्यानं मला असा चकवला ना, मला रागच येईना, हसूच आलं." एमिलनं बॅग खाली ठेवली. "दोन-तीन गोष्टी सांगायच्या राहिल्यात. टायसनला म्हणावं, फेसऑफला पंच पक टाकतो तेव्हा त्याच्या हाताकडे बघू नकोस, समोरच्याच्या काठीवरच्या खालच्या हाताकडे बघ. त्याला जमायला लागलंय. धाकट्या ब्रोडीला सामन्याच्या सकाळी नाश्ता जात नाही. मी बसतो रोज त्याच्याबरोबर. कुणाला तरी बसायला सांगा. आणि डॉरीनचा खांदा धरलाय. ती सांगणार नाही कुणाला. दारातला बर्फ मी काढतो. हॅल्वरसनला इथं ठेवणार असाल तर त्याला फावडं दाखवा."

"एमिल..."

"आपण यंदा ब्रॉडवॉटरच्या संघाला हरवणार, बघाच तुम्ही. तो आल्यावर आपल्याला कोण अडवतंय?"

‘आपण’ म्हणाला तो. बॅग भरून, कोट घालून, निघायला उभं राहून ‘आपण’ म्हणाला. तीस वर्षं लाइल पोरांची पारख करत होता. कोण किती वेगानं पळतो, कुणाच्या मनगटात किती ताकद आहे, सगळं तोंडपाठ. आणि हे पोरगं दोन वर्षं डोळ्यांसमोर असून आपल्याला दिसलं कसं नाही, याची त्याला लाज वाटली.

त्यानं घास कसाबसा गिळला. "अरे गाढवा, मी बॅटरी चालू करायला आलो होतो."

"काय?"

"डॉरीनची गाडी बंद पडली होती. तिनंच म्हटलं, बन खा."

एमिल मटकन बॅगेवर बसला. आधी हसला, मग दोन्ही हातांत तोंड लपवून लहान मुलासारखा रडला. लाइलनं त्याला रडू दिलं. मग डोळे पुसत पोरानं विचारलंच, "म्हणजे मला देणार नाही?"

खोटं बोलता आलं असतं. "आत्ता गाडीत होतो तोवर काहीच ठरलं नव्हतं," लाइल म्हणाला आणि त्यानं खिशातून फोन काढला. फोर्ट हेरिकच्या मॅनेजरनं लगेच उचलला. "लाइल बोलतोय. हॅल्वरसन नको. नाही, दुसरा कुणी देणार नाही. नाही म्हणजे नाही."

"वेडे आहात का तुम्ही?" एमिल ताडकन उठला. "हॅल्वरसन आहे तो! गाव तुमची सालटी काढेल!"

"काढू दे. तू कोट काढ आधी, कपडे कपाटात लाव. आणि बाहेर बर्फ साचलाय तो बघ."

गावानं सालटी काढलीच. हॅल्वरसन गेला नेमका ब्रॉडवॉटरकडे, मग तर विचारायलाच नको. कॉफीच्या दुकानात लाइल बसला की शेजारची खुर्ची रिकामी व्हायची. वॉल्टर समोरून आला तर रस्ता ओलांडून पलीकडे जायचा, तेही मुद्दाम, दिसेल असा.

मार्चमध्ये बाद फेरीत गाठ पडली ती ब्रॉडवॉटरशीच. मालिका शेवटच्या सामन्यापर्यंत ताणली गेली, तो सामना जादा वेळेत गेला. संध्याकाळभर एमिल फेसऑफला हॅल्वरसनसमोर वाकून उभा राहिला, निम्म्याहून जास्त पक त्यानं मागे खेचले, दोनदा गोलासमोर आडवा पडून अंगावर मार घेतला. पण शेवटचा फेसऑफ हॅल्वरसननं जिंकला, कसा तो देव जाणे, आणि वळता वळता असा मारला की गोलरक्षकाला कळायच्या आत जाळी हलली. लाइलच्या तोंडून हरता हरताही वाहवा निघाली. असा खेळाडू! आणि तो आपला होऊ शकला असता.

हस्तांदोलनाच्या रांगेत हॅल्वरसन एमिलपाशी थांबला. हेल्मेटला हेल्मेट टेकवून काहीतरी बोलला, मागची रांग खोळंबली तरी हात सोडेना. आणि हरलेल्या ऐस्पन रिजचं आख्खं रिंक उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

लाइल खाली बोळात भिंतीला टेकून उभा होता. लोकांच्या गर्दीतून वाट काढत वॉल्टर येताना दिसला. तोंड लाल, टोपी हातात चुरगळलेली. आता हा सगळ्यांदेखत राजीनामा मागणार, असं समजून लाइल सरळ उभा राहिला.

वॉल्टर त्याच्यासमोर येऊन थांबला. त्यानं बोट रोखलं.

"ऐक, लाइल. त्या एमिलला पुढच्या वर्षी कुणाला दिलंस ना," तो कसाबसा म्हणाला, "तर तुझं तंगडं मोडीन."