सायकलीने खाल्लेली भाकरी

मी एक जुनी तीनचाकी सायकल आहे. माझा लाल रंग जागोजागी उडाला आहे, मागचं उजवं चाक कुरकुरतं आणि घंटी तर कधीच हरवली. पण मित्रांनो, माझं दुखणं ते नाही. मला एका जागी उभं राहवत नाही, हे माझं दुखणं. वाऱ्याने गॅलरीचं दार जरा हललं, तरी वाटतं, निघायचं का?

एका छोट्या कारखान्यात माझ्या लोखंडी नळ्या वाकवल्या, जोडल्या आणि रंगवल्या. मग मला दुकानात दोरीने टांगलं. तिथेही मी गोल गोल फिरत असे. मांजरी गावच्या एका शेतकऱ्याने मला त्याच्या मुलासाठी, विक्रमसाठी घेतलं. मोटारसायकलच्या टाकीवर बसून मी घरी आले. समोर मोठं अंगण होतं आणि अंगणाला लागून ऊस. विक्रमने मला दोन वर्षं अशी पळवली की माझी पेडलं झिजली. "लेकरू सायकलीवर जन्माला आलंय," असं त्याची आई सोजरबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तेव्हा मी आतून फुलून जायचे.

पुढे विक्रमचे पाय लांब झाले. मला पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं. किती वर्षं गेली, पोत्यात कसं कळणार? बाहेर काढलं तेव्हा ऊस नव्हता. त्या जागी सात मजली इमारत उभी होती आणि आपलं घर तिच्या पाचव्या मजल्यावर गेलं होतं. विक्रम आता बाप झाला होता. त्याच्या साडेतीन वर्षांच्या लेकीने, मुक्ताईने, माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या.

माझं सुख आठ दिवस टिकलं. माझ्या कुरकुरीने खालच्या मजल्यावरचे आप्पासाहेब वैतागले. निवृत्त माणूस, दुपारची झोप त्यांना प्राणाहून प्यारी. त्यांनी लिफ्टमध्ये कागद चिकटवला: "पाचव्या मजल्यावरील सायकलस्वारास नम्र विनंती. खालीही माणसे राहतात. रस्ता इमारतीबाहेर उपलब्ध आहे." सोजरबाईंना लाजल्यासारखं झालं. त्यांनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि मला गॅलरीच्या गजाला बांधून टाकलं.

तिथून मला देवघरही दिसायचं आणि स्वयंपाकघरही. म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं.

मुक्ताई साडेअकराला बालवाडीतून यायची ती थेट ओट्याकडे धावायची. तिची आई शेफाली सकाळीच भाजी-भाकरी करून ठेवी आणि दुसऱ्या खोलीत ऑफिसचं काम घेऊन बसे. पण सोजरबाईंची पूजा तेव्हा चालू असायची. पूजा, पोथीचा अध्याय, मग अकरा माळा. निवद दाखवायला पाऊण वाजायचा. त्या घरात नैवेद्याला निवदच म्हणतात.

"निवद झाल्याबिगर ताटाला हात लावू नये, बाळा," त्या मऊ आवाजात सांगायच्या. आणि नातीचा जीव कळवळू नये म्हणून डबा पुढे करायच्या. "बिस्किटाला निवद लागत न्हाई."

मुक्ताई एका जागी बसावी, म्हणून सोबत मोबाईल. पाऊण वाजेपर्यंत अर्धा पुडा संपे. मग ताट वाढलं की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. सोजरबाई वाटी घेऊन खोल्याखोल्यांतून तिच्या मागे. "पोरीची अन्नावर वासनाच न्हाई," असं म्हणून त्या हळूच डोळे पुसायच्या. मी गजाशी धडपडायचे. मला सगळं दिसत होतं, आणि बोलता येत नव्हतं!

चार महिन्यांत मुक्ताईचं वजन तसूभरही वाढलं नाही. जिना चढताना ती मध्येच बसू लागली. शेफाली तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. रक्त कमी आहे, उंचीच्या मानाने वजन फार कमी आहे, असं त्या म्हणाल्या. औषध दिलं आणि बजावलं की बिस्किटं बंद, जेवताना मोबाईल बंद, रोज भरपूर पळू द्या, आणि भूक लागली की घरचं अन्न. "औषध बाटलीतून देता येतं हो," त्या शेफालीला म्हणाल्या, "भूक नाही देता येत."

शेफालीने घरी येऊन डबा रिकामा केला. मग दबकत म्हणाली, "आई, हिला साडेअकरालाच जेवायला दिलं तर?"

"निवदाआधी उष्टं करायचं?" सोजरबाईंचा आवाज चढला नाही, पण चेहरा उतरला. शेफाली पुन्हा आपल्या कामाला जाऊन बसली.

झालं काय, बिस्किटं गेली, पण निवदाची वेळ तीच राहिली. मुक्ताई आता उपाशी वाट बघायची, मुसमुसायची आणि पाऊण वाजायच्या आत फरशीवर झोपून जायची. उठली की चिडचिड, आणि जेवणावर राग. पुढच्या आठवड्यात वजन उलट उतरलं. सोजरबाईंनी घाबरून नातीसाठी आणखी एक माळ वाढवली. निवद एकवर गेला! त्या माळेचा एकेक मणी सरकताना माझा जीव खालीवर व्हायचा.

मग तो गुरुवार आला. सोजरबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मुक्ताई पाय न वाजवता ओट्याशी गेली. झाकण बाजूला सारून निवदाच्या ताटातली भाकरी उचलली, भाजीत बुडवली आणि गॅलरीत येऊन माझ्यावर बसली. पाय खाली हलवत, गालफडं फुगवून तिने अर्धी भाकरी खाल्ली. तेवढ्यात देवघरातली घंटा वाजली. तिने घाईघाईने उरलेली भाकरी माझ्या सीटखाली दडपली.

सोजरबाई ताट घ्यायला गेल्या आणि थबकल्या. भाजीचे थेंब फरशीवरून गॅलरीपर्यंत आले होते.

"मुक्ते, भाकरी कुणी घेतली?"

मुक्ताईच्या हनुवटीला भाजी लागली होती. "मी नाही. सायकलीने खाल्ली."

"सायकलीनं? तिला भूक लागली व्हती व्हय?"

"रोज लागते," मुक्ताई म्हणाली. "ती रोज विचारते, निवद कधी होणार? तिच्या पोटात दुखतं."

मित्रांनो, आयुष्यात कोणी माझ्यावर असा आळ घेतला नव्हता, आणि आयुष्यात मला इतका आनंद कधी झाला नव्हता. माझ्या मनातलंच बोलली ती!

सोजरबाई माझ्याजवळ खाली बसल्या. त्यांनी सीटखालची भाकरी काढली. तिच्यावर छोट्या दातांची अर्धी चंद्रकोर होती. "म्हंजे भूक लागती हिला," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "मीच ती बिस्किटानं मारत व्हते." मग भाकरी नातीच्या हातात देऊन म्हणाल्या, "खा, माझे माय. देवाला मी दुसरी थापते."

शेफाली दारात येऊन उभी राहिली होती. सोजरबाई तिला म्हणाल्या, "इक्रम ल्हान व्हता तवा निवद नऊला व्हायचा गं. शेतात जायचं असायचं. रान गेलं, येळ मोकळा झाला, आन् मी माळा वाढवत बसले."

दुसऱ्या दिवसापासून मुक्ताई घरात शिरते त्या वेळी पूजा आटोपलेली असते. ताटाभोवती पाणी ती स्वतः फिरवते, घंटा वाजवते आणि लगेच पानावर बसते. मोबाईल नाही, मागे पळणं नाही. पहिल्या आठवड्यात तिने दोनदा ताट ढकललं, एकदा फक्त काकडीच खाल्ली. सोजरबाई म्हणाल्या, "राहू दे, संध्याकाळी खाईल." आणि माळा? त्या संध्याकाळी होतात. पाच वाजता माझी पट्टी सुटते, मुक्ताई इमारतीसमोर मला पळवते आणि सोजरबाई मागून माळ ओढत चालतात. माळ संपली नाही, तर त्या आणखी एक फेरी मारतात. मुक्ताईला तेच हवं असतं.

पहिल्या दिवशी आप्पासाहेब खिडकीतून डोकावले. "अरे वा, आमचा कागद कुणीतरी वाचला म्हणायचा!" दुसऱ्या दिवशी तेलाची बाटली घेऊन स्वतःच खाली आले. "अहो आजीबाई, चाकात दोन थेंब सोडा. देवाचं नाव नीट ऐकू येईल तुम्हाला."

या गोष्टीला आता आठ महिने झाले. वजनाच्या कार्डावर रेघ हळूहळू वर चढते आहे. पण मला कार्ड कशाला हवं? पेडल मारताना मुक्ताईचे गुडघे आता माझ्या हँडलला लागतात. रोज थोडे जास्त. लवकरच ती माझ्यात मावणार नाही, आणि माझा माळा मला पुन्हा हाक मारेल. तुम्ही म्हणाल, वाईट वाटत असेल. वाटतं ना. तरीही ते गुडघे ठक्कन लागले, की मला वाटतं, लाग बाई, आणखी जोरात लाग.

मित्रांनो, भूक लागली तर लपवू नका, मोठ्यांना सांगा. पुड्यातलं मागू नका, पानातलं मागा. आणि तुमच्या घरात कुणी माझ्यासारखी बांधून ठेवली असेल, तर तिला आजच सोडा. तिच्या अंगात फार वळवळ असते हो.

पाच वाजत आले. दाराची कडी अजून कशी वाजत नाही?